लालासाहेबांनी पाजळलेला बूट

मी मानसिंगचा डावा बूट बोलतोय. पळायचा, खिळ्यांचा. माझा उजवा जोडीदार उंदरांनी खाल्ला. मी उरलो, कारण दर खंडेनवमीला मला हत्यारांच्या ओळीत मांडून पुजतात. त्याबद्दलच मला बोलायचं आहे.

मी पलटणीतला. हवालदार लालासाहेब मला पायात चढवून मैलाची शर्यत पळाले. पेन्शनीवर आले तेव्हा मला ट्रंकेत घालून कोरेगावजवळच्या आपल्या गावी घेऊन आले. मुलगा मानसिंग वाढला. त्याचा पाय माझ्यात बसू लागला आणि त्याचे हाल सुरू झाले.

रोज पहाटे तो रस्त्यानं अनवाणी पळायचा. मागं सायकलवर लालासाहेब, हातात निरगुडीचा फोक. पाय मंदावला की पोटरीवर सपकारा. आई चंद्राबाई वळांवर हळद लावायची. माणसं बैलाला मारताना निदान शिवी देतात. लालासाहेब मुलाला मारताना शिवीसुद्धा देत नसत.

मला फक्त शर्यतीला बाहेर काढत. त्र्याहत्तर साली साताऱ्याला पंधराशे मीटर होती. शेवटच्या वळणावर जतचा धोंडिराम आतून घुसला. कोपर बरगडीत, खिळे नडगीवर. मानसिंगची नडगी उसवली आणि रक्त माझ्यात उतरलं. तो दुसरा आला.

घरी फोक मोडेपर्यंत मार बसला.

"हरलास त्येचं न्हाई," लालासाहेब म्हणाले. "त्येनं फाडलं आन् तू तसाच माघारी आलास?"

"आबा, पळाय गेलतो. भांडाय न्हाई."

"पळनं म्हंजी भांडनच हाय."

पुढच्या थंडीत सांगलीला शर्यत ठरली. पलटणीचे साहेब येणार होते. पहिला येईल त्याला खेळाडू म्हणून भरती. मानसिंगला बक्षिसाचं काही नव्हतं. त्याला त्या फोकापासून सुटायचं होतं.

लालासाहेब मला घेऊन लोहाराकडं गेले. जुने खिळे काढायला लावले. नवे बसवले ते बोटाच्या पेराएवढे लांब. नांगराचा फाळ पाजळतात तसे ऐरणीवर ठोकून, टोक काढून, पाणी दिलेले.

यल्लाप्पा लोहारानं मला उलटा करून पाहिलं. "आवं हवालदार, ह्ये कुनाच्या उरावर न्यायचं?"

"ज्यो आडवा यील त्येच्या."

मला ती टोकं आवडली. आता कुठं हत्यार झालो, असं वाटलं.

सांगलीचं मैदान मुरमाचं होतं, रोलर फिरवून दगड केलेलं. शेतात फाळ रुततो. मुरमात रुतत नाही. पलटणीत गवतावर पळालेल्या लालासाहेबांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. खिळ्याला खाली जागा मिळेना, म्हणून तो वर शिरला. माझा जुना तळ फुटला. खिळ्याचं डोकं मानसिंगच्या चवड्यात घुसलं. पाऊल पडलं की घुसायचं, उचललं की निघायचं. मी आतून ओला झालो. पोरगं दात खाऊन पळत राहिलं.

शेवटच्या वळणावर धोंडिराम अगदी पुढ्यात आला. उघडी पोटरी, हातभर अंतरावर. दोरीपलीकडून लालासाहेब ओरडले, "घाल! घाल त्येच्या पायावर!"

मी हवेत होतो. एक घाव, आणि भरती नक्की होती.

मानसिंगनं मला बाहेरच्या अंगाला टाकलं. लांबचा वळसा घेतला. धोंडिरामनं कोपर मारलं, ते बरगडीवर घेतलं, आणि फुटक्या चवड्यावर जोर देऊन शर्यतीच्या शेवटच्या दोरीवर छाती टाकली. पहिला आला. तिथंच आडवा झाला.

धोंडिराम धापा टाकत त्याच्याजवळ बसला. लाल झालेली नाडी सोडून त्यानं मला ओढलं, तेव्हा माझ्याबरोबर कातडंही आलं.

"आयला, गड्या," तो म्हणाला, "बूट हाय का नांगर?"

तेवढ्यात लालासाहेब आले. हातात फोक होताच. "म्या घाल म्हनलं तवा का न्हाई घातलंस?" पहिल्या आलेल्या पोरावर त्यांनी फोक उगारला.

मानसिंग एका पायावर उठला. फोक हवेतच धरला, हिसकावला आणि मोडून टाकला.

"आबा, आता मी सरकारचा. हात लावायचा न्हाई."

लालासाहेबांचा हात खाली आला. सरकारी मालाला हात लावायचा नसतो, एवढं पलटणीनं त्यांना शिकवलं होतं.

मानसिंग भरती झाला. मी मागं राहिलो, पण तो मला विसरला म्हणून नव्हे. त्यानं मला मुद्दाम टाकलं. लालासाहेबांनी खुंटीवर टांगलं.

खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, फाळ आणि शेवटी मी. हळदकुंकू लावून लालासाहेब आल्यागेल्याला सांगतात, "ह्येनं सांगलीचं मैदान मारलं." मानसिंग यंदा रजेवर आला आहे. पूजेला आत आला नाही. अंगणात उभा आहे.

मी दुसऱ्या कुणाचं थेंबभर रक्त काढलेलं नाही. माझ्यात मुरलंय ते सगळं तुमच्याच पोराचं. हवालदार, मला ह्या ओळीतून उठवा. माझं कुंकू पुसा आणि त्याला आत बोलवा.