पाहुण्यांची झाडं

वहिनी चादरी वाळत घालत होती तेव्हा फोन वाजला. गेल्या वर्षी राहून गेलेल्या एक शिक्षिका बोलत होत्या.

“ताई, ओळखलंत का? वडिलांच्या नावानं झाड लावलं होतं मी. रविवारी आईला घेऊन येतेय. तिला ते बघायचंय.”

वहिनीनं लगेच ओळखलं. खड्ड्यात माती लोटता लोटता त्या बाईंना रडू फुटलं होतं. “या की,” ती म्हणाली, “अगदी या.”

वहिनी आणि तिचा नवरा जंगलाच्या काठाला पाहुण्यांसाठी चार खोल्यांचं घर चालवत. छपरावर सौर पॅनल, न्हाणीघराचं पाणी परसातल्या भाज्यांना, प्लास्टिकच्या बाटलीला फाटकाबाहेर रामराम. शहरातल्या एका संस्थेचे साहेब पाहुणे पाठवत. नवरा त्यांना जीपमधून जंगल दाखवी, स्वयंपाक आणि खोल्या वहिनीकडे. निघण्याआधी प्रत्येक पाहुण्यानं घरामागच्या उतारावर एक झाड लावायचं, इथवर येताना हवेत जो धूर सोडला त्याची भरपाई म्हणून. झाडाच्या पायाशी चपटा दगड, दगडावर रंगानं लिहिलेलं नाव. जंगलात अस्वल नाही दिसलं तरी लोक या झाडावर खूश होऊन जात.

उताराचं सगळं नवराच बघे. वहिनीला चुलीपासून चादरीपर्यंत सवड कुठली? त्या दिवशी मात्र, बाईंचं झाड केवढं झालंय बघावं, म्हणून ती मागे गेली आणि उभीच राहिली. उतार जवळजवळ बोडका होता. गेल्या आठवड्यात लावलेली रोपं तेवढी दिसत होती. गेल्या वर्षीचं एकही नाही.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं. तो जीपचं चाक पुसत होता. मान वर न करता म्हणाला, “शेळ्या. दुसरं कोण?”

शेळ्या म्हणजे मफलरकाका. बारा महिने गळ्यात मफलर असलेला हा म्हातारा उताराच्या पलीकडे शेळ्या चारायचा. वहिनीचं डोकं तापलं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात दिसला, तेव्हा चार माणसांदेखत तिनं त्याला फैलावर घेतलं. लोकांच्या मेलेल्या माणसांच्या नावाची झाडं तुमच्या जनावरांच्या पोटात जातात, काही वाटतं का तुम्हाला, असं बरंच काही.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग चहापत्तीची पुडी खिशात घालत एवढंच म्हणाला, “झाडं खाल्ली असतील, वहिनी. दगडही खाल्ले का?”

घरी येईपर्यंत ते वाक्य तिच्या पायात काट्यासारखं सलत राहिलं. खरंच, नावांचे दगड कुठे गेले? मनात पाल चुकचुकली. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. हल्ली नवऱ्याच्या हातांना टर्पेंटाइनचा वास यायचा. विचारलं तर म्हणायचा, जीपचा बंपर रंगवतोय. बंपर तर होता तसाच गंजलेला. आणि “दुसरं कोण” हे तो किती पटकन म्हणाला होता.

शनिवारी जेवणं उरकून पाहुणे खोल्यांत आडवे झाले. “टायर बघून येतो,” म्हणत नवरा मागे गेला. वहिनी थोडं थांबून निघाली, पाण्याच्या टाकीआड उभी राहिली. तो उतारावर उकिडवा बसला होता. मुळांना धक्का लागू नये म्हणून बोटांनी माती मोकळी करत होता. एकेक रोप वर काढत होता आणि ओल्या पोत्यात ठेवत होता. दगड घमेल्यात, शेजारी जुनी नावं पुसायचा टर्पेंटाइनचा बोळा. तान्ह्या मुलाला उचलावं इतक्या हळुवारपणे चालली होती चोरी.

ती परत फिरली. उन्हं उतरल्यावर तीच रोपं तिच्यादेखत नव्या पाहुण्यांनी लावली. तिनं नेहमीसारखं हात धुवायला पाणी दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिनंही वाजवल्या. नवऱ्याकडे मात्र तिला बघवेना.

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेल्यावर ती म्हणाली, “मी बघितलंय.”

तो पायरीवर बसला. चपलेतली माती झटकत म्हणाला, “उतार केवढा आणि पाहुणे किती. पहिल्याच वर्षी भरला असता. मग लावायला काय देऊ लोकांना, चमचे?”

“साहेबांना ठाऊक आहे?”

“साहेब फोटो मागतात. झाडाचं पुढे काय झालं, कधी विचारलं नाही त्यांनी.”

“आणि बाईंचं झाड?”

“सारखं उपटलेलं रोप किती तग धरणार? मेलं असेल.”

“आणि मफलरकाकांचं नाव घेतलंत तुम्ही.”

“मी घरात घेतलं,” तो म्हणाला. “दुकानात तू घेतलंस.”

तो उठता उठता म्हणाला, “फाटकाजवळ ते आपोआप उगवलेलं झाड आहे ना, तेच दाखवू उद्या. दगड मी तयार करतो.”

त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. काखेत कळसा आणि आपण दुकानात वळसा घालून आलो. मग वाटलं, हे खोटं तर बाकीचं तरी खरं कशावरून? सकाळी उठल्या उठल्या तिनं न्हाणीघरात बादलीभर पाण्यात हळद कालवून ते ओतलं आणि परसात धावली. वांग्याच्या वाफ्यात पिवळं पाणी आलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. स्वतःच्याच घरावर पाळत ठेवायची वेळ आली म्हणून मग रागही आला.

दुपारी शिक्षिका आईला घेऊन आल्या. नवऱ्यानं दोघींना फाटकाजवळ नेलं. दगडावर वडिलांचं नाव चकचकत होतं. आजींनी झाडाचं पान हातात घेतलं, गालाला लावलं. “चांगलं वाढलंय हो,” त्या म्हणाल्या, कुणाला म्हणाल्या कळलं नाही.

नवऱ्यानं वहिनीकडे बघितलं. गप्प बसणं किती सोपं होतं. म्हातारीचा जीव निवला होता, कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

“आजी, हे तुमचं नाही,” वहिनी म्हणाली.

मग तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शिक्षिकांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. “वर्षभर मी वर्गातल्या मुलांना त्या झाडाचा फोटो दाखवतेय,” एवढं बोलून त्या गाडीत जाऊन बसल्या. आजींनी हातातलं पान सोडलं. नवऱ्याला विचारलं, “सगळ्यांना असंच दाखवता का?” चहा तसाच निवला.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. झाडं उपटल्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. “तुम्हाला सांगायची काय गरज होती?” हेच तीनतीनदा विचारत राहिले. संस्थेचे पाहुणे बंद झाले. नवरा जीपमधून दुसऱ्यांची खडी वाहू लागला आणि वहिनीशी बोलेनासा झाला.

ती मफलरकाकाच्या दारात माफी मागायला गेली. त्यानं आत बोलावलं नाही. “चार माणसांत बोललात,” तो म्हणाला. “मागे घ्यायचं तर चार माणसांतच घ्या.” दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी बघून तिनं तसं केलं. शेवटपर्यंत बोलली, नवऱ्याचं नाव न वगळता. हे कानावर गेल्यावर नवरा आठवडाभर घरात जेवला नाही.

हळूहळू ऐकीव माहितीवर एखाददुसरं कुटुंब यायला लागलं. ते थेट वहिनीला फोन करून येत, संस्थेकडून नाही. वहिनी आधीच सांगून टाकते, इथे झाड लावायला मिळणार नाही. उतारावर मावतात तेवढी आता आम्हीच लावलीत. हवं तर त्यांना पाणी घाला. काही जण तेवढ्यावर फोन ठेवतात. काही येतात.

नवरा पुन्हा बोलतो आता. दुपारी “उतारावर जाऊन येतो” म्हणाला की वहिनी हात पुसते आणि पाठोपाठ निघते. का, हे त्याला ठाऊक आहे. तो टाकीपाशी दोन बादल्या भरून ठेवतो, एक स्वतः उचलतो, आणि दुसरी तिच्यासाठी सोडून पुढे चालू लागतो.