फक्कीचं रिंगण

मे महिना लागला की आपल्या घराघरांत एक भांडण ठरलेलं असतं, आणि ते मोबाईलवरून असतं. आई लाटणं घेऊन ओरडते, मूल मोबाईल घेऊन ऐकत नाही. राखीच्या घरी तर हे भांडण सकाळच्या चहाबरोबरच उकळायला लागायचं. नवरा संघर्ष मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, तो पहाटेच्या गाडीने जायचा आणि दिवेलागणीनंतर यायचा, त्यामुळे घरात पंच म्हणून कुणी नव्हतं. राखी स्वतः एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. मुलांना सुट्टी लागली तरी तिला नाही. ती घरी परत येईपर्यंत सहावीत जाणारी तिची पूजा सोफ्यावर सकाळी होती तशीच बसलेली असायची.

शेवटी शेजारच्या बिल्डिंगमधल्या यादवांनी उपाय सांगितला. ते बँकेत नोकरीला होते, गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा आणि तोंडात कायम निसर्ग. ‘वनसोबती’ मंडळाच्या भटकंतीला या, पोरगी मोबाईल विसरेल, अशी त्यांनी हमीच दिली. उन्हाळ्यात दर रविवारी मंडळाची गाडी नाशिकरोडहून उजाडता उजाडता निघायची. एखादी टेकडी चढायची, मुलांसाठी मैदानावर आखतात त्या पांढऱ्या फक्कीने रिंगणं काढून खेळ घ्यायचे, पाखरांसाठी मातीची परळं पाणी भरून ठेवायची, आणि ऊन तापायच्या आत मिसळीच्या हॉटेलात पोचायचं. निसर्गसेवा काही उपाशीपोटी होत नाही, हे मंडळाला पुरतं ठाऊक होतं.

मंडळात एक रीत होती. भटकंतीत ज्याचा फोटो सगळ्यांत सरस, तो मंडळाच्या ग्रुपवर आठवडाभर मानाने झळकायचा, खाली टाळ्यांचा पाऊस पडायचा. पूजाला घेऊन राखी दर रविवारी जायला लागली होती, पण हा मान तिला कधी मिळाला नव्हता. मान मिळावा म्हणून आपण येत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे तिला तो हवा होता.

त्या रविवारी मंडळ विंचूरच्या अलीकडे एका पाझर तलावाकाठच्या माळावर गेलं. तलाव आटून मध्ये डबक्याएवढा उरला होता. टेकडी उतरून सगळे माळावर आले आणि पूजा एकदम जागच्या जागी थिजली. तिच्या बुटापासून वीतभर अंतरावर, उघड्या खडीत, चार अंडी होती. ना काडी, ना गवत, ना आडोसा. मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची अंडी, की खडीतून वेगळी दिसूच नयेत. डोक्यावर दोन टिटव्या जीव तोडून ओरडत होत्या.

बघता बघता सगळं मंडळ गोळा झालं. पूजा उकिडवी बसली आणि तिने विचारलं, “आई, ह्यात खरंच पिल्लं आहेत?” कितीतरी महिन्यांनी राखीने लेकीच्या डोळ्यांत असली चमक बघितली होती. तिला वाटलं, इतका नाजूक जीव असा वाऱ्यावर टाकलेला, उद्या कुणाचा पाय पडला म्हणजे? तिने खेळाच्या पिशवीतली फक्की आणली आणि अंड्यांभोवती ठसठशीत पांढरं रिंगण काढलं. लोकांनी दगड मांडून दिले. पूजाने परळ ठेवून आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. रिंगणामागे हात जोडून बसलेली पूजा, पुढे चार अंडी आणि पाण्याने भरलेलं परळ. काय फोटो आला म्हणता!

तेवढ्यात मागून काठी टेकत शहनाजबाई पोचल्या. देवळाली कॅम्पच्या एका शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई मंडळाच्या पहिल्या सभासदांपैकी. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या सगळ्यांच्या मागे राहत. रिंगण बघताच त्यांचा चेहरा उतरला. आधी सगळे इथून लांब व्हा, आणि हे पुसून टाका, दगड काढा, परळ उचला, असं त्यांनी बजावलं. यादव हसून म्हणाले की बाई, आपण वाचवतोय त्यांना. बाईंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या राखीला म्हणाल्या, “तू काढलंस ना? तूच पूस.”

“हो बाई, पुसते,” राखी म्हणाली.

बाई बाकीच्यांना हाकत गाडीकडे घेऊन गेल्या. यादवांना पलीकडच्या बाजूने आणखी एक फोटो हवा होता, त्यासाठी रिंगण राहू द्यायला हवं होतं. त्यात वेळ गेला. आणि मग राखीला वाटलं, बाई जुन्या वळणाच्या, त्यांना काय कळतंय, पांढऱ्या रेघेने कुणाचं काय बिघडतंय? तिने रिंगण पुसलं नाही. मिसळ खाताना बाईंनी विचारलं तेव्हा मात्र ‘पुसलं’ म्हणून तिने मान डोलावली.

आठवड्याचा मान अर्थातच राखीला मिळाला. हुरूप येऊन तिने तो फोटो आपल्या सोशल मीडियाच्या पानावर टाकला, खाली माळाचं ठिकाण टाकलं आणि लिहिलं, ‘मुलांना घेऊन जरूर या, निसर्ग दाखवा.’ यादवांनी टिटवीचं ओरडणं मोबाईलवर टिपलं होतं, त्याची त्यांनी रिंगटोन केली. ऑफिसात लोक राखीला थांबवून कौतुक करू लागले.

आणि पूजा? तिने मोबाईल खरोखर सोडला. कॉलनीतल्या विहारासमोर खेळणाऱ्या सगळ्या पोरांना तिने चार अंड्यांची गोष्ट सांगितली. चार पिल्लांना चार नावं ठेवली. रात्री बापाला गाडीतून उतरून चप्पल काढायची फुरसत न देता पिल्लं कधी निघतील ते विचारायची. पुढच्या रविवारी तुला पिल्लं दाखवणार, असा शब्द राखीने तिला दिला. आईच्या शब्दावर ती लेक इतकी निर्धास्त होती की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

मंडळाने तोच माळ पुन्हा ठरवला. तिकडे जाऊ नका, असं बाईंनी ग्रुपवर लिहिलं होतं, पण टाळ्यांच्या ढिगाखाली ते कुणाच्या नजरेस पडलं नाही. फोटोमुळे नवी माणसं इतकी आली की दोन गाड्या कराव्या लागल्या आणि निघायलाच उशीर झाला. माळावर पोचेतो ऊन चांगलंच चढलं होतं.

गाडीतून उतरताच राखीला काहीतरी खटकलं. माळावर रस्ता नव्हता, आता तो झाला होता. मोटारसायकलींच्या चाकोऱ्या थेट रिंगणापर्यंत गेल्या होत्या. वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या. बाभळीच्या काट्यांना फुग्यांच्या चिंध्या लटकत होत्या आणि खाली केकचं खोकं पडलं होतं. कुणीतरी इथे वाढदिवस केला होता! तिच्या रिंगणाबाहेर कुणी विटांचं दुसरं रिंगण मांडलं होतं. परळ पालथं पडलं होतं, त्याच्या आजूबाजूला कुत्र्यांच्या पंजांचे ठसे होते, आणि त्या ठशांमध्ये एका अंड्याचं फुटकं कवच.

तीन अंडी मात्र जागेवर होती. पूजा धावत पुढे गेली, वाकली आणि आनंदाने ओरडली, “आई, निघतंय! हे बघ, भोक पडलंय!”

एका अंड्याला आतून टोचून टोचून पाडलेलं भोक होतं. भोकातून चोचीचं टोक बाहेर आलं होतं. पूजा श्वास रोखून बघत राहिली. चोच हलली नाही. मग त्या भोकातून एक मुंगी बाहेर आली. तिच्यामागून आणखी. उरलेल्या दोन अंड्यांच्या बारीक तड्यांवरही मुंग्यांची रांग लागली होती.

पूजा हळूहळू मागे सरकली. राखीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर ती हाताच्या टप्प्याबाहेर जाऊन उभी राहिली.

लोक हळहळले. कुणी कुत्र्यांना शिव्या दिल्या, कुणी गावातल्या पोरांना. आणि एवढ्यात टिटवी ओरडली. सगळ्यांनी वर बघितलं. पण आभाळात काही नव्हतं, यादवांच्या खिशातला फोन वाजत होता. तलावाच्या बाजूने खऱ्या टिटवीने लगेच त्याला ओ दिली, घाबऱ्याघुबऱ्या, पुन्हा पुन्हा. यादवांना फोन पटकन बंद करता येईना. तो बंद झाल्यावर त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, “वाईट झालं. पण एवढी माणसं आलीत, आसपास दुसरं घरटं असेल तर बघायचं का?”

शहनाजबाई इतका वेळ काठीवर भार देऊन उभ्या होत्या. त्या राखीजवळ आल्या.

“राखी, खाली बस. इथे खडीवर हात ठेव.”

राखीने तळवा टेकवला आणि चटका बसून झटकन उचलला.

“ह्याच्यावर होती ती. उघडी,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत जात होता. “तुम्हाला वाटतं पाखरू अंड्यांवर ऊब द्यायला बसतं. ह्या दिवसांत टिटवी ऊब देत नाही, सावली देते. डबक्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि धावत येऊन अंड्यांवर उभी राहते. थोडा वेळ जरी तिला येऊ दिलं नाही, तरी आतलं पिल्लू भाजून निघतं. आणि आपण काय केलं? तिच्या दारात घोळका करून उभे राहिलो. ती ओरडत होती, लांब व्हा, लांब व्हा. आपण ते रेकॉर्ड केलं.”

“पण बाई, आम्ही रिंगण काढलं ते पाय पडू नये म्हणूनच ना?” मागून एक जण म्हणाला.

“ती अंडी खडीसारखी दिसतात हेच त्यांचं संरक्षण होतं. आपण त्यांच्याभोवती पांढरी रेघ ओढून अख्ख्या जिल्ह्याला दाखवून दिलं. पाणी ठेवलं, ते प्यायला कुत्री आली. तिने पाणी मागितलं होतं आपल्याकडे? समोर तलाव आहे तिचा. कुत्र्यांना शिव्या देऊ नका. त्यांनी एकच अंडं खाल्लं. ही तीन आपल्या प्रेमाने गेलीत.”

मग त्यांनी सगळ्यांना माळाच्या कडेला, बाभळींच्या पलीकडे नेलं आणि गप्प बसायला लावलं. गर्दी हटली, तशी डबक्याच्या काठावरून टिटवी आली. दोन पावलं धावायची, थांबायची, मान वर करून बघायची, पुन्हा धावायची. तिच्या पोटाखालून पाणी टपकत होतं. रिंगण ओलांडून ती आत गेली, मुंग्या लागलेल्या त्या अंड्यांवर अंग सावरून उभी राहिली आणि पंख थोडे फाकवून तिने सावली धरली.

यादवांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. पूजा बराच वेळ बघत होती. मग आईकडे न बघताच तिने विचारलं, “ती अजून पाणी आणतेय. तिला कुणी सांगायचं?”

शाळेत मुलांच्या दाखल्यावर एक अक्षर चुकलं तर राखीला रात्रभर झोप लागत नसे. आपल्या हातून, आणि तेही कौतुकाने, हे झालं यावर तिचा विश्वास बसेना.

परतताना मिसळीचं नाव कुणी काढलं नाही. गाडीत राखी बाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि पूजाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाई, मी त्या दिवशी पुसलं नव्हतं. तुमच्याशी खोटं बोलले.”

“माहीत आहे. तुझ्या फोटोखाली लोक नंतरचे फोटो टाकत होते, त्यांत रिंगण दिसत होतं.”

“मग तुम्ही मला फोन का नाही केला?”

“भीड पडली. सगळे इतके खूश होते. म्हटलं, म्हातारी सारखी नाट लावते असं म्हणतील. ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या आणि हात झटकले. तेव्हा तू एकटी नाहीस गं, मीही त्यात आहे. पण आता रडून ती अंडी उबणार नाहीत. जे लोक अजून येतायत त्यांचं बघ.”

राखीने फोटो काढून टाकला. तोवर तो कुठल्या कुठे पोचला होता. एका पानावरून पुसला की दुसऱ्यावर दिसायचा, खाली तेच शब्द, मुलांना घेऊन जरूर या. मंडळानेही बैठक घेऊन ठरवलं की विणीच्या दिवसांत माळावर आणि कड्यांवर भटकंती न्यायची नाही, कुणाला घरटं दिसलंच तर न थांबता पुढे जायचं आणि जागा कुणाला सांगायची नाही. मानाचा फोटो बंद झाला. यादवांनीच तो बंद करायची सूचना मांडली.

पुढच्या रविवारी राखी पहिल्या बसने विंचूरच्या रस्त्याला गेली आणि माळाकडे वळायच्या फाट्यावर उभी राहिली. ती पूजाला चल म्हणाली नव्हती. पूजा स्वतःच बूट घालून दारात आली होती. आठवडाभर ती आईशी कामापुरतंच बोलली होती.

ऊन चढता चढता एक मोटार आली. मागच्या सीटवर दोन लहान मुलं दुर्बीण घेऊन बसलेली. काच खाली करून त्यांच्या वडिलांनी हसून विचारलं, “ताई, ती फोटोतली टिटवीची अंडी इथेच आहेत ना?”

काहीतरी सांगून त्यांना वाटेला लावता आलं असतं. रस्ता चुकलात म्हणता आलं असतं. राखी म्हणाली, “होती. मीच मारली ती.”

त्या माणसाचं हसू गेलं. मग राखीने सगळं सांगितलं, फक्कीपासून मुंग्यांपर्यंत, काही न झाकता. मागची मुलं तोंड उघडं ठेवून ऐकत होती. त्या माणसाने गाडी वळवली. राखी रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि पूजाने पुढे येऊन तिचा हात धरला.

मंडळी, निसर्गावर प्रेम नाही असा माणूस आज शोधून सापडायचा नाही. पण आपलं प्रेम जवळ गेल्याशिवाय, हात लावल्याशिवाय आणि चार जणांना दाखवल्याशिवाय भागत नाही, आणि तिथेच घात होतो. या सुट्टीत मुलांना घेऊन डोंगरावर, माळावर जरूर जा. पण वर एखादं पाखरू जिवाच्या आकांताने ओरडत असेल, तर ते तुमचं स्वागत करत नाही. मुलांचा हात धरा आणि आल्या वाटेने परत फिरा.