अथेन्सचं बोंडलं

करुणा साडेपाच महिन्यांची होती आणि दूध घेत नव्हती. मेलबर्नच्या दुसऱ्या वर्षीच्या लॉकडाऊनमधल्या त्या ऑगस्टमध्ये माझ्या डोक्यात दुसरं काही म्हणजे काही नव्हतं. माझं दूध आटत आलेलं, आणि बाटली जवळ नेली की ती मान फिरवून असा टाहो फोडायची की शेजारच्या आंटी कुंपणावरून विचारायच्या, "बेटा, सब ठीक?" वेगवेगळ्या निपलच्या सात बाटल्या आणून झाल्या. चमच्याने पाजलं की निम्मं पोटात, निम्मं लाळेऱ्यावर.

डॉक्टरांनी घसा, कान सगळं तपासलं, दोष काही सापडला नाही. पण दोन आठवड्यांत वजन शंभर ग्रॅमने घटलं होतं. नर्स म्हणाली, "पुढच्या सोमवारी वजन वाढलेलं नसेल तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल." आणि कोविडमुळे आत एकच पालक.

मी तिचा श्वास मोजत बसायची. तेव्हा नवरा, स्वप्निल, शेजारच्या खोलीतल्या ऑफिसमधून डोकावून म्हणाला, "प्रतीक्षा, तू तिच्याकडे अशी बघतेस की मला पण प्यायची भीती वाटेल. लायब्ररीचा तो झूम क्लास आहे ना, जुन्या ग्रीक कलेवरचा? बस ना त्याला. बीएला इतिहास होता तुझा."

"इतिहास होता, ग्रीक नव्हतं."

"मग? नाव घातलंय मी."

म्हणून मंगळवारी अकराला, कॅमेरा बंद करून, करुणाला मांडीवर घेऊन मी बसले. शिकवणाऱ्या डेस्पिना निवृत्त शिक्षिका होत्या, मेलबर्नमध्येच वाढलेल्या ग्रीक. त्यांनी पडद्यावर एक घडा आणला. अथेन्सचा, पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचा, जवळजवळ माणसाएवढा उंच. तळापासून गळ्यापर्यंत बोटभर जागा रिकामी नाही. काटकोनात वळत स्वतःतच शिरणारी नक्षी, तिच्याखाली चरणारी हरणं, एकामागे एक, सगळ्यांच्या माना एकाच वेळी खाली. त्याखाली पुन्हा नक्षी. इतकं बारीक, इतकं न चुकता, आणि सगळं हाताने. मी तोंडाला हात लावून बघत राहिले.

"अजून संगमरवरी देवळं नाहीत हं," डेस्पिना म्हणाल्या. "मोठे पुतळे नाहीत. पुढे जे जे झालं त्याचं मोजमाप ही माणसं आधी मातीवर शिकली."

मग त्यांनी घड्याचा मधला पट्टा मोठा केला. तिरडीवर एक बाई. दोन्ही बाजूंना माणसं, सगळ्यांचे हात डोक्यावर. छाती म्हणजे नुसता त्रिकोण, पाय म्हणजे दोन जाड रेषा. डोळे नाहीत, तोंड नाही. आणि तरी ती रडताहेत हे लांबून कळत होतं. तिरडीजवळ एक अगदी छोटी आकृती होती, मोठ्यांच्या मांडीएवढी. तिचाही हात वर.

पुढचं चित्र एका मूठभर भांड्याचं होतं. तीच नक्षी, पण पोटाला एका बाजूने बारीक तोटी. "हे काय असेल? सांगा, सांगा," डेस्पिना म्हणाल्या.

"तेलाचं भांडं," कुणीतरी म्हणालं. "ग्रेव्हीचं," दुसरा, आणि सगळे हसले.

मी माईक सुरू केला ते मलाच कळलं नाही. "बाळाला दूध पाजायचं आहे ते."

"कशावरून, डार्लिंग?"

"आमच्याकडे असतं. बोंडलं म्हणतो आम्ही. माझ्या आईने पाठवलंय, चांदीचं. हॉलमधल्या शोकेसमध्ये आहे."

डेस्पिनांनी मान डोलावली. "अगदी बरोबर. हे एका तान्ह्या बाळाच्या थडग्यात सापडलं."

थडगं ऐकल्यावर मी करुणाला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. ती कोण होती, जिने हे बाळाच्या शेजारी ठेवलं? तिनेही वाट बघितली असेल, एक घोट जाईल म्हणून. एवढ्याशा भांड्यावर कुंभाराने रेष न रेष मारली होती, त्या मोठ्या घड्यावर मारली तशीच. कुणासाठी? दात न आलेल्या एका जिवासाठी.

आणि माझं? आई म्हणाली होती, "पाज की त्याने," तर मी तिला ऐकवलं होतं, "आई, इथे हे अनहायजिनिक मानतात." काचेत ठेवून आल्यागेल्याला कौतुकाने दाखवलं होतं, बस्स.

मी उठले. आधी नर्सला फोन केला. विचारल्याशिवाय मी काही केलं असतं तर ती मी नव्हेच. "तोटीचा छोटा कप ना? उकळून घे. बाळाला सरळ बसवून धर, सावकाश पाज. नो वरीज." मग आईला व्हिडिओ कॉल. पिंपरीत सकाळचे सव्वासात वाजले होते.

"जयभीम आई. बोंडल्याने कसं पाजायचं?"

"अनहायजिनिक आहे ना ते?"

"आई!"

"बरं, बरं. ओतायचं नाही. तोटी खालच्या ओठावर टेकव नि थांब. तिला घेऊ दे. तू फार घाई करतेस, तुझ्या लहानपणी मी करायचे तशी."

मी टेकवलं आणि थांबले. करुणाने मान फिरवली नाही. जीभ बाहेर आली, तोटीला लागली, मागे गेली. पुन्हा आली. घशात छोटीशी हालचाल झाली. तिसऱ्या घोटाला तिने माझं बोट पकडलं. पडद्यावर आईचा चहा हातातच थांबला होता. साठ मिली संपायला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत मला सारखं वाटत होतं, आम्ही दोघीच नाही आहोत खोलीत. माणसांनी हे किती वेळा केलं असेल, किती बायका अशा न हलता बसल्या असतील.

त्यानंतर सहा दिवस दर अडीच तासांनी तेच. मी वजनाबद्दल एक शब्द बोलले नाही, स्वप्निललाही बोलू दिला नाही.

सोमवारी क्लिनिकमध्ये मी एकटीच आत गेले. स्वप्निल गाडीत थांबला. नर्सने करुणाला उघडं करून काट्यावर ठेवलं, आकडा हलत राहिला, तिने तो वहीत लिहिला, मागचं पान उलटून बघितलं, पुन्हा आकडा बघितला.

बाहेर आले तेव्हा स्वप्निल गाडीतून उतरून उभा होता. मास्कमुळे त्याला माझा चेहरा वाचता येईना.

"काय झालं? बोल ना."

"एकशे तीस."

"गेले?"

"आले रे. वाढले. नळी नाही."

तो पार्किंगमध्ये, भर दुपारी, टायरजवळ मटकन खाली बसला. करुणाने माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि भूक लागली म्हणून ओरडायला सुरुवात केली.