घरचं तेल

"डबा खाली ठेवा, शेठ. यो चालाचा नाय."

बसच्या दारालगतच्या सीटवरून गंगुबाईंनी हे इतक्या सहज सांगितलं, की महिपत घागांना वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत. त्यांचा एक पाय पायरीवर होता, दुसरा कोपरच्या रस्त्यावर, आणि मागे त्यांचा मुलगा स्वानंद वापरलेल्या तेलाचा भलाथोरला डबा पोटाशी धरून उभा होता. अशा अवस्थेत माणसाला फार वेळ रुबाब सांभाळता येत नाही. तरी महिपतरावांनी तो सांभाळला. बस त्यांची होती. बसमधलं इंधनही त्यांच्याच कारखान्यात, असल्याच जळक्या तेलापासून तयार झालेलं होतं.

"मावशी, ओळखलं नाही का?" स्वानंद म्हणाला. "बाबा आहेत. घागशेठ. ही बसच त्यांची आहे."

"वलखला ना. सात वरसं त्यांच्याच बसनं जातंय. पन आज ते पेशंट हाईत, नि पेशंटनं घरचा तेल आनाचा. यो डबा कारखान्याचा हाय."

बसमधली सगळी माणसं एकदम खिडकीबाहेर बघू लागली, जणू बाहेर वरात चालली होती. ड्रायव्हर चांगदेवने उगाचच आरसा पुसायला घेतला. पगार शेठचा खरा, पण गंगुबाईंच्या मध्ये पडायची त्याची टाप नव्हती.

"पहिला दिस सगल्यांना माफ असते," गंगुबाई म्हणाल्या. "बसा. डबा तेवढा ऱ्हाऊ द्या."

माफ! महिपतरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. स्वानंद दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, चला ना, कारने जाऊ. कशाला हे सगळं?" त्यांनी दुसरा पायही पायरीवर घेतला आणि ते आत चढले. डबा रस्त्यावरच राहिला.

पुढची सीट मोकळी दिसली म्हणून ते टेकायला गेले, तर चांगदेव चाचरत म्हणाला, "शेठ, ती आसावरीबाईंची. मोठागावला चढतात." मग मालक शेवटच्या बाकावर जाऊन बसले, जिथे इंजिन बसणाऱ्याच्या हाडांशी थेट बोलतं.

हे महिपतराव मूळचे गुहागरकडचे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. कंपनीला टाळं लागलं तेव्हा स्वानंद बालवाडीत होता आणि बापाच्या हातात कला एकच, आग सांभाळायची. जळक्या तेलाचं डिझेल होतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि ते खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. भाड्याच्या गाळ्यात एक पत्र्याचं पिंप. त्यात वडापाववाल्यांचं काळं तेल गाळून तापवायचं, मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून ढवळायचं, मग निवळू द्यायचं. जड ग्लिसरीन तळाला बसतं, वर राहतं ते इंधन. सांगायला सोपं आहे. पहिलं वर्षभर वर काय आणि खाली काय, पिंपात नुसता साबण व्हायचा. त्यांची बायको उत्तरा तो साबण बालदीतून घरी न्यायची आणि त्याने फरशी धुवायची. मंगळसूत्रातल्या वाट्या गहाण पडल्या तरी ती एवढंच म्हणायची, "फरशी मात्र चकाचक होते हो."

मग एकदाचं साधलं. टेंभी नाक्याजवळच्या एका रोषणाईवाल्याने भीतभीत आपला जनरेटर त्यांच्या हवाली केला. नवरात्रभर जनरेटर धडधडत राहिला आणि दर्शनाच्या रांगेतली माणसं भजीची गाडी कुठे लागली आहे ते शोधत राहिली, कारण या इंधनाच्या धुराला तळणाचा वास येतो. त्यानंतर महिपतरावांनी मागे वळून पाहिलं नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची हॉटेलं आणि फरसाणवाले आता त्यांना तेल देतात, आणि खाणीवरचे ट्रक, कारखान्यांचे बॉयलर त्यांच्या इंधनावर चालतात. लोक म्हणत, घागशेठने उकिरड्यातून पैसा केला. ते म्हणत, लोकांच्या पोटात जाणारं विष काढून मी इंजिनात घातलं. दोन्ही खरं होतं. दुसरं सांगताना मान जरा जास्त ताठ व्हायची, आणि का होऊ नये?

बस आली ती गोपीनाथमुळे. गोपीनाथ म्हणजे सायकलला डबे बांधून तेल गोळा करणारा त्यांचा पहिला माणूस. त्याच्या किडन्या गेल्या. माजिवड्याला एका संस्थेच्या केंद्रात डायलिसिस जवळजवळ फुकट व्हायचं, पण आठवड्यातून तीनदा तिथवर जाऊन यायला रिक्षाचे पैसे कुठून आणायचे? गोपीनाथ एकेक वार चुकवू लागला. शेठपाशी बोलला नाही. एक दिवस गेलाच. त्याच्या तेराव्याहून परतताना महिपतरावांनी गाडीतूनच, पेशंटांची ने-आण करायला, बसची चौकशी केली.

बस फुकट ठेवली होती. पण कोपरच्या गंगुबाई पहिल्याच दिवशी पायरीपाशी अडून उभ्या राहिल्या. पदराआडून तेलाची छोटी बाटली काढून म्हणाल्या, "ही घ्या, मंग बसतंय." महिपतरावांना ते इतकं आवडलं, की त्यांनी नियमच करून टाकला. भाडं नाही, पण प्रत्येकाने घरचं वापरलेलं तेल आणायचं, पळीभर का असेना. दारापाशी एक कॅन ठेवला आणि त्या कॅनवर गंगुबाई. तेव्हापासून एकही सत्कार असा गेला नाही, की जिथे त्यांनी हे सांगितलं नाही. "माझ्या बसमध्ये कुणी फुकट बसत नाही. प्रत्येक जण आपलं तिकीट आपल्या स्वयंपाकघरातून आणतो!" टाळ्या हमखास इथेच पडत. ठाण्यात तर लोक उभे राहिले होते.

आणि आता किडन्या त्यांच्याच गेल्या. दोन वर्षं पथ्यावर काढली, शेवटी डॉक्टरांनी मशीन सांगितलं. स्वानंदने एका खासगी हॉस्पिटलात टीव्ही असलेली खोली बघून ठेवली होती. महिपतराव म्हणाले, "त्या केंद्राची मी भाषणात स्तुती करतो ना? मग मी झोपायचं तिथेच. आणि जाणार बसनेच." हा त्यांचा गर्व होता, पण चांगल्या जातीचा. फक्त त्यात अख्खा डबा भरून न्यायची हौस मिसळली आणि घोटाळा झाला.

मोठागावला आसावरीबाई चढल्या. त्या निवृत्त शिक्षिका. औषधाची असते तेवढी बाटली त्यांनी कॅनमध्ये रिकामी केली. "काल नातवाचा वाढदिवस होता. बटाटेवडे केले होते," त्या म्हणाल्या. गंगुबाईंनी सगळी चौकशी केली. कुणी किती खाल्ले, नातू काय म्हणाला. महिपतराव मागून ऐकत होते. माणकोलीच्या पुलावर बस आली तशी गंगुबाई दांडे धरत धरत मागे आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"राग आला?"

"छे."

"आलाय. नाकावर दिसतंय."

महिपतरावांनी आव सोडून दिला. "गंगुबाई, माझ्या घरात वापरलेलं तेलच नाही हो. उत्तराने दोन वर्षांत कढई चढवलेली नाही. मला चालत नाही ना. कारखान्याचं तुम्हाला नको, मग मी आणू कुठून?"

"मंग ती काय खाते?"

"काय म्हणजे? मी खातो तेच. अळणी भाजी, उकडलेलं…"

"दोन वरसं?"

हा प्रश्न महिपतरावांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. उत्तरा कधी काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही याची त्यांना पिंपाच्या दिवसांपासून सवय होती.

गंगुबाई खाडीकडे बघत बोलत राहिल्या. "तुमचा भाषान नातवानं मना मोबाईलवर दावलेला. बोलता चांगला. तिकीट म्हनता. पन तसा नाय ते, शेठ. मी आजारी पडले तवा सुनेनं कढई माल्यावर टाकली. पोरा पाकिटा आनून दाराआड खायाची. माझ्याम्होरं कोनी हसना पन झाला. मी बोलले, अगं, मी अजून मेले नाय. काढ ती कढई. माझ्याम्होरं तल नि माझ्याम्होरं खा. मी तुमाला दिली ना पयली बाटली, ती त्या तेलाची व्हती."

महिपतराव त्यांच्याकडे वळून बसले.

"आता कोनी बाटली घेऊन चढला का मना समजते, याचा घर चालू हाय. नाय आनली तं मी इचारतंय, घरी काय झाला. एवढाच हाय ते. तुमच्या गारीला आमच्या पलीभर तेलाचा काय व्हनार?"

पुलाखालून खाडीचं पाणी सरकत होतं. ज्या गोष्टीवर आपण सात वर्षं टाळ्या घेतल्या, ती आपल्याला कळलीच नव्हती, हे महिपतरावांना चांगलंच लागलं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंही काही मनात आलं, आणि ते अभिमानाचंच होतं. असली बाई आपल्या बसमधून जाते. सत्काराच्या सगळ्या शाली एका पारड्यात टाकल्या असत्या तरी हे पारडं त्यांना जड वाटलं असतं.

"आसावरीबाईंच्या नातवाने किती वडे खाल्ले?" त्यांनी विचारलं.

"पाच," गंगुबाई म्हणाल्या आणि हसल्या.

संध्याकाळी घरी परतले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. उत्तराने ठरलेलं पेलाभर पाणी आणून ठेवलं आणि हाताची पट्टी नीट आहे ना ते पाहिलं.

"उत्तरा, कढई कुठे आहे गं?"

"का?" तिचा आवाज लगेच सावध झाला. "वडे मागाल तर डॉक्टरांना फोन लावीन हां. आत्ताच सांगते."

"मला नकोत. तू काहीतरी तळ आणि तू खा."

"तुमच्यासमोर? काहीतरीच. मला नाही जमायचं ते."

"जमव. माझं बसचं भाडं अडलंय."

त्यांनी मग सगळं सांगितलं, डबा रस्त्यावर राहिला तिथपासून. डब्याचं ऐकून उत्तरा पदर तोंडाला लावून हसली. कढईचं ऐकलं तेव्हा हसायची थांबली. उठून आत गेली आणि भांड्यांचे आवाज यायला लागले. थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, "भोपळा आहे घरात. उद्या घारगे करते."

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन वर्षांनी, घागांच्या घरात तेल तापलं. महिपतराव स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. घारगा तेलात पडला, फुगला, आणि गुळाचा वास घरभर झाला. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, ते काही कुणाला चुकलेलं नाही. उत्तराने पहिला घारगा ओट्यापाशी उभ्याउभ्या, त्यांच्याकडे पाठ करून खाल्ला.

"बसून खा," ते म्हणाले. "इकडे तोंड कर."

ती समोर येऊन बसली. दुसरा खाल्ला. तिसरा तोडताना तिचे डोळे भरून आले.

"काय झालं?"

"काही नाही. गूळ छान आहे."

महिपतराव तिच्याकडे बघत राहिले. पिंपात पहिल्यांदा साबणाऐवजी इंधन तरंगलं होतं, त्या दिवसानंतर इतकं समाधान त्यांना वाटलं नव्हतं. "अजून एक घे," ते म्हणाले.

"अहो, किती?"

"घे गं. मला उद्या गंगुबाईंना सांगायचंय."

बुधवारी सकाळी स्वानंदने विचारलं, "बाबा, कार काढू?" त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि कापडी पिशवी खांद्याला लावून चालतच स्टॉपवर गेले. चांगदेवने दार उघडलं. महिपतरावांनी पिशवीतून बाटली काढली. तिच्या तळाशी पिवळंधमक तेल होतं, जेमतेम दोन बोटं. एवढ्या वर्षांत त्यांनी टँकरच्या टँकर तेल मोजून घेतलं होतं, पण कुठलं तेल असं दोन्ही हातांनी जपून धरलं नव्हतं.

गंगुबाईंनी बाटली उजेडात धरली. बूच काढून नाकाशी नेली.

"घारगं?"

"हो. भोपळ्याचे."

"किती खाल्लं तिनं?"

"चार. संध्याकाळी चहाबरोबर आणखी एक."

गंगुबाईंनी तेल कॅनमध्ये ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उलटी धरली आणि मग परत दिली.

"बसा, शेठ."

बस सुरू झाली आणि तळणाचा वास खिडक्यांतून आत आला. महिपतराव शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाटलीचं बूच त्यांनी नीट घट्ट लावलं आणि ती मांडीवर धरली. शुक्रवारी परत लागणार होती.