भेटीच्या खोलीतला घोडा

"तुमची मारामारी चालू द्या, पण आधी सांगा, माझा बाप नक्की कोण?"

मित्रांनो, हा प्रश्न विचारायची पैज खारूताई नावाच्या पोरीच्या मैत्रिणींनी लावली होती. पठ्ठीने तो थेट आई, बाबा आणि मामाच्या तोंडावर विचारला! मी तिथेच होतो. मी कोर्टातल्या भेटीच्या खोलीतला जुना लाकडी घोडा आहे. वेगळे राहणारे आईबाप इथे आपल्या लेकरांना भेटतात.

सुताराने मला घडवलं तेव्हा काय माझा थाट! इवलीशी खारूताई माझ्यावरून उतरायलाच तयार नसायची. बाबा मला झुलवायचे, आई भिंतीकडे तोंड करून बसायची. मग एकदा मामाने मला बाबांच्या डोक्यात घातलं. माझा कान तुटला. मानेवरचा हा डाग रंगाचा नाही, मित्रांनो. त्यानंतर कोणतंच मूल माझ्यावर बसलं नाही. मी कोपऱ्यात गेलो.

भांडणाचं मूळ एकच. आईबाबांचं लग्न झालं नव्हतं आणि कायद्याने खारूताईला बापच नव्हता; कोर्टाने भेटी दिल्या होत्या त्या तात्पुरत्या. डीएनए तपासणीसाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली असती, तर निकाल लागला असता. पण बाबा म्हणत, "तपासणी? म्हणजे माझ्यावर संशय!" आई म्हणे, "सिद्ध झालं तर हा कायमचा हक्क सांगेल." तपासणी राहिली, डोकी मात्र फुटत राहिली.

आज प्रश्न ऐकताच मामा खेकसला, "बाप म्हणे! पोर तापाने फणफणली तेव्हा कुठे होतास रे?"

"दारातून कोणी हाकललं मला?" म्हणत बाबांनी मला उचललं. मामाचा ओठ फुटला. आईने बाबांची मानगूट धरली. बाबांनी मला पुन्हा उगारलं आणि नेमकी खारूताई मध्ये घुसली. कडाड! माझा पाय मोडला. तिच्या कोपरातून रक्ताची धार लागली. आईबाबा रडायला लागले.

मित्रांनो, मला झुलवा, रंगवा, हवं तर चुलीत घाला. पण लेकरांसमोर कोणावर उगारू नका.

खारूताईने रक्त बाहीला पुसलं.

"रडू नका, ऐका. न्यायाधीशबाईंना मीच सांगणार, माझी तपासणी करा. बाबा, बाप ठरलात तर नुसतं भेटायचं नाही, माझ्या आजारपणात उशाशीही बसायचं. आणि आई, तेव्हा तू दार लावायचं नाहीस. पण आजपासून ज्याचा हात उठेल, त्याच्याजवळ मी थांबणार नाही. मग तो बाप असो, नाहीतर तू."