मी, पंचांच्या वर्गातला कोट

मी एक कोट. पंचाचा. एके काळी मी पांढराशुभ्र होतो. आता धुवून धुवून माझा रंग सायीकडे झुकलाय. मैदानाच्या मधोमध तुम्ही मला पाहिलंही असेल, पण निरखून कुणी बघत नाही. लोक बघतात ते माझ्या बाहीतून वर जाणाऱ्या बोटाकडे. ते वर गेलं तरी ओरडतात, नाही गेलं तरी ओरडतात.

मला शिवून घेतलं कुलूपवाल्या काकांनी. माणूस दारासारखा रुंद आणि आवाज असा दणदणीत, की तीन घरं पलीकडचं मूल झोपेतून दचकावं. "खिसे मोठे ठेवा हो," एवढंच त्यांनी शिंप्याला बजावलं होतं. त्या खिशांत ते बिनकामाच्या किल्ल्या ठेवायचे. चेंडू पडला, की एक किल्ली उजवीकडून डावीकडे. उजवा खिसा रिकामा झाला, की षटक संपलं. आठवडाभर काका दुकानात कुलपं दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी हौशी संघांच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचे.

नियमांचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. त्यांना त्याची गरजच वाटली नाही. "आऊट म्हणजे आऊट. जा, सावलीत बस!" असं ते म्हणाले, की उलट बोलायची कुणाची छाती होत नसे. पण गुडघ्यांना काकांचा धाक नव्हता. एका मोसमाच्या अखेरीस ते मला क्लबच्या सामानाच्या खोलीत घेऊन आले, दारामागच्या खुंटीवर अडकवलं आणि माझ्या कॉलरवरून एकदा हात फिरवून काठी टेकत निघून गेले.

नंतर माझे जे हाल झाले ते विचारू नका. पंच उरले नव्हते, म्हणून फलंदाजी करणाऱ्या संघातलाच जो रिकामा असेल तो मला अंगावर घ्यायचा. पॅड न सोडताच घालायचा, बटणं लावायचा नाही आणि विकेट पडली, की मला गवतावर टाकून बॅट घ्यायला पळायचा. आपल्याच मित्राला आऊट देणार कोण? आणि नाही दिलं, तर समोरच्यांनी ऐकून का घ्यायचं?

व्हायचं तेच झालं. एक पायचीत नाकारलं गेलं, शब्दाने शब्द वाढला आणि कुणीतरी उपटलेला स्टंप भिरकावला. तो लागला यष्टिरक्षकाला. भुवई फाटली. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून लोकांनी मलाच त्याच्या कपाळावर दाबून धरलं.

तो डाग काढला त्याच्या मोठ्या बहिणीने. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचं काम ती करायची. सगळे तिला ताईच म्हणत. न्हाणीघरात बसून ती मला गार पाण्यात चोळत होती आणि भाऊ कपाळाला टाके घेऊन दारात उभा होता.

"फेकून दे ना तो कोट. आता सामने बंदच होणारेत. पंच नाहीत म्हणे."

"मग पंच तयार का करत नाहीत?"

"कोण होणार? तू?"

ताईने मला पिळलं. असं पिळलं, की माझ्या शिवणी कुरकुरल्या. "हो," ती म्हणाली. "का? डोळे तर माझे चांगले आहेत."

काकांच्या मापाचा मी तिच्या अंगावर तंबूसारखा दिसायचो. तिची आई हसून हसून बेजार झाली, आणि मग कात्री घेऊन बसली. "उन्हात उभं राहून शिव्या खायची हौसच आहे, तर निदान मापाच्या कपड्यांत खा," असं म्हणत तिने माझ्या बाह्या कापल्या. दुखलं. पण खुंटीपेक्षा कात्री बरी, असं मी स्वतःला समजावलं.

नुकताच सुरू झालेला पंचांचा वर्ग भरायचा शाळेच्या एका खोलीत, सुट्टीच्या संध्याकाळी. शिकवायला होते रेल्वेतून निवृत्त झालेले सिग्नलवाले बाबा. अंगाने काटकुळे, बोलणं मोजकं. हात मात्र असे ताठ आणि स्वच्छ हलायचे, की लांबच्या माणसालाही चुकून दुसरा अर्थ लागू नये. खुर्च्यांचे स्टंप होते, खडूने आखलेली क्रीज होती, चेंडू रबरी. आणि नियमांचं पुस्तक एकच.

पहिल्याच दिवशी बाबांनी ते पुस्तक मधोमध उघडलं आणि टर्रकन फाडलं. सगळे हबकले. बाबांनी आणखी फाडलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक भाग ठेवला. "एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हे चालणार नाही. आपापला भाग असा पाठ करा, की पुढच्या वेळी तुम्ही मास्तर आणि मी विद्यार्थी."

ताईच्या वाट्याला 'डेड बॉल' आला, म्हणजे चेंडू केव्हा संपला समजायचा, तो भाग. ती नाराज झाली. झेल नाही, पायचीत नाही, हे काय कंटाळवाणं! पण ती पानं माझ्या खिशात घालून ती हिंडू लागली. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा, बसची वाट बघताना, भाजी शिजेपर्यंत ती तीच पानं घोकायची. खेळाडूला गंभीर दुखापत झालीय असं वाटलं, की पंचाने तिथल्या तिथे चेंडू संपवायचा, हे वाक्य ती आईलाही ऐकवायची. "अगं, डाळ लागली," आई म्हणायची. "आधी ती संपव."

प्रात्यक्षिकात ती पहिल्यांदा नापास झाली. खुणा बरोबर होत्या, पण आवाज छातीतून निघेना. बाबा म्हणाले, "निर्णय देतेस की परवानगी मागतेस?" त्यानंतर घराच्या गच्चीवर ती रोज "नो बॉल!" म्हणून ओरडायची. शेजारच्या आजींनी खिडकी लावून घेतली. भाऊ खाली तोंड लपवून फिरायचा. पुढच्या खेपेला ती पास झाली.

तिच्या पहिल्या मोसमात लोकांनी तिला सोडलं नाही. "डोळे तपासून घ्या," कुंपणापलीकडून हमखास ओरड यायची. "दुकानात या," ती मान न वळवता म्हणायची, "तुमचेही तपासते." भावाच्या सामन्यांत ती उभी राहत नसे, तो नेम तिने स्वतःच घातला होता.

आणि मग तो सामना आला. अखेरचा, चषकाचा. फलंदाजी करणाऱ्यांच्या हातात दोनच गडी आणि हव्या होत्या थोड्या धावा. गोलंदाजाने आखूड चेंडू टाकला. तो उसळला आणि फलंदाजाच्या हेल्मेटखाली, मानेवर बसला. फलंदाज दोन पावलं भेलकांडत क्रीजबाहेर आला आणि कोसळला. चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या पायाशी घरंगळला.

माझ्या आत ताईचं काळीज धाडकन उडालेलं मला कळलं. पण तिचे हात त्याच्या आधी हलले होते. "डेड बॉल!" ती ओरडली, मनगटं कमरेखाली एकमेकांवरून फिरवली आणि पळत सुटली. त्यानंतर क्षेत्ररक्षकाने चेंडू मारून स्टंपवरच्या बेल्स उडवल्या, अपील झालं, मिठ्या पडल्या. ती मात्र गुडघ्यांवर बसून त्या मुलाला म्हणत होती, "मान हलवू नकोस. माझ्याकडे बघ. बोटं किती दिसतात?"

त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेल्यावर गोलंदाजी करणाऱ्या संघाचा कप्तान तिच्यापुढे येऊन उभा राहिला. इमारतींचा ठेकेदार होता तो, हुकूम सोडायची सवय असलेला.

"तो क्रीजबाहेर होता. धावचीत आहे. आम्ही गडी बाद केलाय."

"चेंडू संपला होता."

"बेल्स पडल्यात, बाई!"

"आधी माणूस पडला," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण गच्चीवरचा सगळा सराव त्यात होता. "खेळायचं असेल तर पुढचा चेंडू टाका."

पुढचा फलंदाज आला आणि त्याने सामना जिंकून दिला. दवाखान्यातून निरोप आला, की मुलगा धोक्याबाहेर आहे, पण मानेला पट्टा घालून बरेच दिवस पडून राहावं लागेल. त्याच दिवशी कप्तानाने सामने भरवणाऱ्या समितीकडे तक्रार दिली: पंच पक्षपाती आहेत, त्यांना काढा.

चौकशीला बाबाही आले. "मी बोलतो तुझ्या वतीने," ते म्हणाले.

"नको बाबा. माझा भाग मीच पाठ केलाय."

ती उभी राहिली. समितीच्या टेबलावर तिने ती चुरगळलेली पानं ठेवली नाहीत, नुसतं बोलली. नियम सांगितला, मग कोण कुठे उभं होतं ते सांगितलं. समितीने निर्णय कायम ठेवला. सगळे खुर्च्या सरकवू लागले, तेव्हा ती म्हणाली, "माझं संपलं नाही अजून. पुढच्या मोसमापासून प्रत्येक संघाने दोन माणसं वर्गात पाठवावीत. नाही पाठवली, तर त्यांच्या सामन्याला मी उभी राहणार नाही, आणि आमच्यापैकी कुणीच राहणार नाही. आणि पुस्तकं घ्या. फाडून किती दिवस भागवायचं?"

बरीच कुरकुर झाली. पण पंचांशिवाय सामने कसे होतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. पुस्तकं आली, खरे स्टंप आले, शाळेने मोठी खोली दिली. बाबांच्या शेजारी आता ताईही शिकवते. तिने नवा कोट शिवून घेतला आणि मी वर्गाचा झालो. नवा माणूस पहिल्यांदा खुणा करायला उभा राहतो, तो मला घालून.

गेल्या वर्गाला कप्तान स्वतः आला. दोन माणसं पाठवायची, तर त्यातला एक मीच, असं घुश्श्यातच म्हणाला. ताईने मला त्याच्यापुढे धरलं. बाह्या त्याला मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या. कुणी हसलं नाही.

ताईने चेंडू टाकला, तो फलंदाजाच्या पॅडवर आदळला आणि अख्खा वर्ग एकदम कप्तानाच्या अंगावर धावला, "हाऊज दॅट?" माझ्या आत त्याचे खांदे आखडले. पाठीला घाम फुटला. हात अर्धा वर आला, थांबला. ओरडा चालूच.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"टप्पा कुठे पडला ते... मला दिसलंच नाही."

"मग?"

 एवढ्या मोठ्या माणसाच्या छातीत एवढी धडधड मावते, हे मला नव्यानेच कळलं. मग त्याने हात खाली घेतला.

"नाबाद," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं," मागच्या बाकावरून बाबा म्हणाले.

"नाबाद!" तो असा ओरडला, की काचा थरथरल्या.

मी आता विरत चाललोय. कोपरांवर ठिगळं आहेत, एक बटण वेगळ्याच रंगाचं आहे. पण अजून बऱ्याच खांद्यांना पुरेन. तुम्हीही कधीतरी कुंपणापलीकडून पंचावर ओरडला असालच, मी तुमचा आवाज ओळखतो. राग नाही माझा. फक्त एकदा सुट्टीच्या संध्याकाळी वर्गात या आणि मला अंगावर चढवून उभे राहा. बाहीची चिंता करू नका, कुणालाच बरोबर होत नाही.