खुंट्याचे चौदा कागद

'पती-पत्नीच्या भेटीआड जगातली कोणतीही शक्ती येऊ शकत नाही,' असं वाक्य शिवयोगी कलशेट्टीने रजेच्या अर्जात सर्वांत वर लिहिलं होतं. बसलिंगप्पामामांनी तांबड्या पेन्सिलीनं ते आडवं खोडलं.

"येऊ शकत न्हाय व्हय? मला विचार की. सा फुटाची शक्ती हुती. कोट घातल्याली, अन् हातात शिक्का."

या विषयात मामांचा शब्द शेवटचा होता. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे बहात्तर साली, ते थोरल्या भावाकडे विलायतेला गेले होते आणि लंडनच्या विमानतळावर एका बाकावर अकरा तास बसून दुसऱ्या विमानाने परत आले होते. तेव्हापासून सोलापुरात ज्याला म्हणून तिकडे जायचं असे, तो मामांचा सल्ला घेऊन जाई. सुखरूप पोहोचलेली दोन-चार माणसंही गावात होती; पण त्यांना मामा मोजत नसत.

"आत गेले त्यांना काय कळतंय?" ते म्हणत. "दार उघडं हुतं, गेले. बंद दार कसं असतंय ते मी बघितलंय."

त्या काळी हिंदुस्थानी माणसाला पाहुणा म्हणून तिकडे जायला व्हिसा लागत नसे. ही मोठी सोय होती आणि सगळी भीती त्या सोयीतच होती. लागत काहीच नव्हतं. त्यामुळे काय मागतील ते सांगता येत नव्हतं. उंबऱ्याशी बसलेल्या साहेबाच्या मनात आलं तर आत, नाही आलं तर बाक.

शिवयोगी गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होता. त्याची बायको नीलम्मा मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेली. बर्मिंगहॅमच्या एका इस्पितळात जागा मिळाली तशी ती गेली, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. "दोन वर्सांत येते," असं ती जाताना म्हणाली होती. दोन वर्षांनंतर ती पत्रात त्या विषयावर लिहीनाशी झाली आणि हवेबद्दल जास्त लिहू लागली. मग या उन्हाळ्यात एकदम तिकिटाचं पाकीट आलं. सोबत निळ्या कागदावर चार ओळी होत्या. 'परतीची तारीख मुद्दाम कोरी ठेवली आहे. एकदा या. मग दोघं मिळून बघू.'

शेवटचं वाक्य शिवयोगीने किती वेळा वाचलं ते त्यालाच ठाऊक. त्याने ते कोणालाही दाखवलं नाही. मामांना फक्त तिकीट दाखवलं. मामांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"तारीख कोरी? साहेब म्हनंल, ह्यो गडी ऱ्हायाला आलाय. पत्र बित्र काय आलंय का संगं?"

"न्हाय."

"असलं तर हितंच ठेव. माजी पेटी उघडली, भावाचं पत्र घावलं. 'ये, काम बघू,' एवढंच हुतं की रं त्यात. त्या 'बघू'नं घात केला माजा."

मग मामांनी आपला सिद्धान्त सांगितला. साहेबाला तू का आलास याच्याशी देणंघेणं नसतं. तू परत जाशील का, एवढंच त्याला पाहायचं असतं. जनावर दावं तोडून आलंय की दाव्यासकट, ते तो बघतो. तेव्हा खुंटा दाखवायचा. खुंट्याचे कागद करायचे, फाइल बांधायची आणि विचारण्याआधी पुढं सरकवायची.

"बायको एकदाच सांगायची," मामा बजावत होते. "आई तीनदा. बायको तितं हाय म्हनल्यावर खुंटा तिकडंच झाला की."

सोलापुरात कुठलाही दाखला तीन खेपांशिवाय मिळत नाही, हे शिवयोगी जाणून होता. त्या हिशेबाने तो दोन महिने आधी कामाला लागला. पण या कागदांची गोष्ट वेगळी निघाली. मागायचा अवकाश, की लोक लिहून देत होते.

गिरणीच्या मॅनेजरांनी अठ्ठावीस दिवसांची रजा मंजूर केली आणि पत्र स्वतः तोंडी सांगून टाइप करून घेतलं. 'श्री. कलशेट्टी यांच्यावाचून टाइम ऑफिसचे काम एक दिवसही चालणे अशक्य आहे.' चौदा वर्षांत त्याला बढती न देणारे ते हेच गृहस्थ होते. सही करून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"साहेब, मी परत येईन याची खात्री वाटेल ना त्यांना?"

"कलशेट्टी," मॅनेजर हसत सुटले, "अहो, तुम्ही कुठं जाताय!"

तालमीच्या वस्तादांनी लिहून दिलं की जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलण्याचा मान या इसमाकडे अकरा वर्षं आहे, आणि त्याचा सराव महिनाभर आधी सुरू होतो. चुलतभावाने अक्कलकोटकडच्या तीन एकरांचा सातबारा आणून दिला. त्या जमिनीला शिवयोगीचा पाय शेवटचा कधी लागला होता ते दोघांनाही आठवेना. घरपट्टीची पावती झाली. हौसिंग सोसायटीचं सभासदपत्र झालं. सोसायटीला अजून जागा मिळायची होती, पण सभासद पक्के होते. वाचनालयाच्या कार्यवाहांनी तर न मागता पत्र दिलं. ज्याला त्याला ठामपणे लिहिता येत होतं की हा माणूस परत येईल. कोणाचाही हात लिहिताना अडखळला नाही. शिवयोगी प्रत्येक कागद घडी न पाडता घरी आणी आणि फाइलला लावी. एकदा रस्त्यात थांबून त्याने बंडीचं वरचं बटण काढलं. गरम होत होतं.

आईच्या दाखल्यासाठी डॉक्टरांकडे मामा स्वतः आले. निंगव्वाचं वय चौसष्ट होतं, आणि ती अजून नळावरून दोन घागरी एका खेपेत आणत होती. डॉक्टरांनी लिहिलं : हृदय कमजोर, सतत देखभाल आवश्यक, देखभाल करणारा एकुलता एक मुलगा. घरी आल्यावर मामांनी तो कागद मराठीत करून मोठ्यांदा वाचला. निंगव्वा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे मला हाय काय ह्ये?"

"काय न्हाय अव्वा," शिवयोगी म्हणाला. "कागदापुरतं हाय."

"डॉक्टर मानूस उगंच लिवंल व्हय?"

"साहेबासाठी लिवलंय, अव्वा."

"साहेबाला कसं ठावं माजं काळीज?"

मामांनी कागद घडी न पाडता फाइलला लावला. दुसऱ्या दिवशी निंगव्वाने एकच घागर आणली. चौथ्या दिवशी तिने आपलं अंथरूण दाराजवळ वाऱ्याला घेतलं. जायच्या आठवड्यात ती भिंतीला धरून चालू लागली, आणि शिवयोगी बाहेर निघाला की विचारू लागली, "येतूस न्हवं?" तो दळण आणायला निघालेला असे.

चौदावा कागद मामांनी आपणहून दिला. 'सदर इसम परत न आल्यास त्यास मी जबाबदार राहीन. बसलिंगप्पा.' परत पाठवलेल्या माणसाची हमी कितपत चालेल, असं शिवयोगीच्या मनात आलं. पण मामांनी सही कन्नड आणि इंग्रजी, दोन्हींत केली होती, तेव्हा त्याने तोही फाइलला लावला.

निघताना त्याने निळा कागद आईच्या पेटीत तळाशी ठेवला. पाठ झालाच होता.

लंडनच्या रांगेत तो दोन तास उभा होता. पुढच्या माणसांची उत्तरं ऐकू येत नव्हती, नुसत्या माना दिसत होत्या. एकाला बाजूला बोलावलं. तिकडे खरोखर एक बाक होता. शिवयोगीने फाइल छातीशी धरली आणि मनात म्हणून पाहिलं : आई आजारी, आई आजारी, आई आजारी.

साहेब साडेपाच फुटांचा होता आणि त्याला सर्दी झाली होती.

"कोणाकडे आलात?"

"बायकोकडे," शिवयोगी म्हणाला. म्हणताक्षणी त्याला कळलं की अनुक्रम चुकला.

"शेवटची भेट कधी झाली?"

"तीन वर्षं दोन महिने."

साहेबाने प्रथमच वर पाहिलं. शिवयोगीने फाइल पुढे सरकवली. साहेबाने ती दोन बोटांनी अलगद मागे सारली, नाक पुसलं आणि शिक्का मारला.

बाहेर नीलम्मा उभी होती. कोटात ती थोडी बुटकी दिसत होती. ती म्हणाली, "वाळलात की लई," आणि तिने फाइल त्याच्या हातातून घेतली, कारण ट्रंक घ्यायला त्याचे दोन्ही हात लागणार होते.

बर्मिंगहॅमला तिची खोली वरच्या मजल्यावर होती. तिने त्याच्यासाठी किल्ली करून ठेवली होती, आणि पायात घालायला लोकरी सपाता. तीन गल्ल्यांपलीकडे एका कारखान्याच्या ऑफिसात तिने बोलून ठेवलं होतं, कायद्यात कसं बसतं ते विचारायला एका वकिलाचा पत्ताही आणला होता. यातलं ती काही एकदम बोलली नाही. पहिला आठवडा ती त्याला बस दाखवत होती, बटाटे कुठून घ्यायचे ते दाखवत होती. तो सगळं लक्षपूर्वक पाही. रस्त्यात पोलीस दिसला की बंडीच्या खिशातला पासपोर्ट चाचपी.

दुसऱ्या रविवारी तिला सुटी होती. शिवयोगी अंघोळ करून आला तेव्हा ती पलंगावर बसून फाइल वाचत होती. चार कागद उलटून झाले होते.

"आईंचं इतकं झालं, अन् मला कळवलं न्हाय?"

"काय झाल्यालं न्हाय तिला. ते साहेबासाठी."

"मग साहेबानं वाचलं?"

"उघडलीच न्हाय त्यानं."

ती हसली. त्यालाही हसू आलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी अशीच दोघं हसत असत, अव्वा झोपल्यावर, आवाज न करता. मग ती पुढचा कागद वाचू लागली. मॅनेजरांचा. मग वस्तादांचा. वाचनालयाचा तिने दोनदा वाचला. तिचं हसू हळूहळू ओसरलं. शेवटचा कागद वाचून झाल्यावर तिने सगळे परत पहिल्यापासून चाळले, काही शोधावं तसे.

"ह्यात माजं नाव कुटंच न्हाय."

"मामा म्हनले, बायको एकदाच सांगायची. तोंडी."

"बरं." तिने फाइल त्याच्या मांडीवर ठेवली. "ह्यातलं खोटं कुटलं, ते सांगा."

तो सांगायला म्हणूनच बसला. घरपट्टी खरी होती. जमीन खरी होती. टाइम ऑफिस त्याच्यावाचून चाललं असतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर आत्ता, या क्षणी, त्याचं टेबल आलं आणि त्यावर साचलेली हजेरीकार्डं आली. नंदीध्वज खरा होता. ते वजन खांद्याला आठवत होतं. आईचा कागद तेवढा खोटा होता. तो त्याने वेगळा काढला, हातात धरला. दाराजवळचं अंथरूण त्याला दिसलं. कागद त्याने पुन्हा जागेवर लावला.

नीलम्मा वाट पाहत होती. खाली रस्त्यावरून बस गेली.

"नीला," तो म्हणाला, आणि फाइलची नाडी बांधू लागला.

"चहा करते," ती म्हणाली.

सोमवारी कामावर जाताना तिने तिकीट सोबत नेलं. संध्याकाळी आली तेव्हा त्यावर तारीख होती. वकिलाचा पत्ता तिने कुठे ठेवला ते त्याने विचारलं नाही. उरलेले दिवस दोघं बागेत बसली, एकदा तळ्यातली बदकं पाहिली. तिने आईंसाठी ताकदीच्या गोळ्या दिल्या. विमानतळावर ती म्हणाली, "जपून," आणि वळून चालू लागली. इस्पितळातली तिची पाळी दोनला सुरू होत होती.

सोलापूर स्टेशनवर मामा हार घेऊन आले होते. गिरणीचे दोन लोक होते. निंगव्वा टांग्यात बसून आली होती आणि टांग्यातून स्वतःच्या पायांनी उतरली.

"फाइलीनं काम केलं का न्हाय?" मामांनी विचारलं.

"केलं," शिवयोगी म्हणाला.

मामांनी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा "मी म्हनलं न्हवतं?" म्हटलं. मग शिक्का पाहायला पासपोर्ट मागितला, चष्मा चढवला आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. पुन्हा एकदा लावलं. मग आवाज उतरवून म्हणाले,

"शिवा, ह्ये सा म्हैन्याचं हाय की रं."

"व्हय."

"मग तू पंचवीस दिसांत का आलास?"

शिवयोगी ट्रंक टांग्यात चढवत होता. ट्रंक जड नव्हती, तरी तिला वेळ लागला.

पुढच्या महिन्यात नीलम्माचं पत्र आलं. हवा बरी होती. आईंच्या गोळ्या संपल्या तर कळवा, असं लिहिलं होतं. खोलीत केरळची एक नर्स राहायला आली होती. मुलगी शांत होती, आणि भाडं निम्मं पडत होतं.